ओंडके ओढताना जमीन वाचवायची कशी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. उतारावरच्या जंगलातून तोडलेले ओंडके बाहेर काढायचे आहेत. ट्रॅक्टरला विंच (तार गुंडाळून ओझं ओढणारं यंत्र) आहे. माती चिकण, ओल अजून पुरती हटलेली नाही. मागच्या खेपेला यंत्र वाट्टेल तिथून फिरलं. चाकोऱ्या गुडघाभर खोल गेल्या, त्यातून पाणी वाहून सगळा गाळ ओढ्यात. त्या दबलेल्या पट्ट्यांत अजून धड गवतही उगवलेलं नाही.

माती सर्वात जास्त दबते ती पहिल्या काही फेऱ्यांतच, हे नंतर कळलं. म्हणजे दर वेळी नवी वाट धरण्यापेक्षा मोजक्या वाटा आखून त्यांवरच फिरणं बरं. (मी नेमकं उलट करत होतो!) या वाटांवर छाटलेल्या फांद्यांचा जाड थर अंथरायचा आणि ओंडके पुढचं टोक उचलून तारेने वाटेपर्यंत ओढायचे, असा बेत आहे.

अडलंय ते इथे: फांद्या चिखलात गाडल्या गेल्या की वर नव्या टाकत राहायचं की सरळ काम थांबवायचं? टायरमधली हवा कमी केली तर उतारावर भरल्या वजनाने धोका नाही ना? काम संपल्यावर पाणी बाजूला काढायला वाटेवर तिरके चर किती अंतराने खणता? ओढाही एका जागी ओलांडावाच लागेल. तिथे तात्पुरता पूल की पाइप? प्रत्यक्ष केलेल्यांनी सांगा.