तरण तलावातील स्टॅबिलायझरबाबत

ए-७०२: सचिव साहेब, तलावात क्लोरीनच्या गोळ्या नियमित पडत असूनही पाणी हिरवट का दिसते आणि गोळ्या वाढवाव्यात का, याचा कृपया खुलासा करावा.

सी-२०४: गोळ्या वाढवू नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्या टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्यूरिक आम्ल) गोळीत क्लोरीनसोबत सायन्यूरिक आम्ल, म्हणजेच स्टॅबिलायझर असतो. उघड्या तलावाला तो हवाच, कारण त्याच्याशिवाय भर उन्हात पाण्यातले बहुतेक मोकळे क्लोरीन काही तासांतच नाहीसे होते. अडचण अशी, की क्लोरीन खर्च होते आणि हे आम्ल मात्र मागे उरते. ते उन्हाने उडत नाही आणि वाळूच्या फिल्टरमध्ये अडकतही नाही. आपल्या १ लाख लिटरच्या तलावात २०० ग्रॅमची एक गोळी सुमारे १.१ पीपीएम (दहा लाख भागांत १.१ भाग) आम्ल सोडते, म्हणजे रोज एक गोळी टाकली तर दोन महिन्यांत ६५ पीपीएमची भर पडते. ३० ते ५० पीपीएम पुरेसे असते. काल तपासले तेव्हा आपल्याकडे ते सुमारे १०० निघाले. आम्ल जितके जास्त, तितके क्लोरीन त्याच्याशी बांधलेले राहते आणि जंतू व शेवाळ मारण्याचे काम मंदावते. मोकळे क्लोरीन आम्लाच्या साधारण साडेसात टक्के ठेवावे, या हिशेबाने आपल्याला ७.५ पीपीएम लागेल, आणि आपण ठेवतो २.

बी-१०१: पण काका, नोंदवहीत तर क्लोरीन आणि पीएच रोज योग्य लिहिलेले आहेत.

सी-२०४: ताई, त्या नोंदी खऱ्याच आहेत, परंतु थेंबांच्या त्या चाचणीत आम्ल कळत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी असते. तीत नमुन्यात पूड घातल्यावर पाणी गढूळ होते आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते ओतत राहून आकडा वाचतात. ही चाचणी महिन्यातून एकदा व्हावी आणि कंत्राटदाराच्या कामात ती लेखी नमूद व्हावी.

सचिव: आपले म्हणणे पटते, मात्र मे महिन्यात टँकर मागवून पूर्ण तलाव बदलणे समितीला परवडणार नाही.

सी-२०४: पूर्ण बदलण्याची गरजच नाही. अर्धे पाणी काढून ताजे भरले की आम्ल ५० च्या आसपास येईल, म्हणजे १० हजार लिटरचे पाच टँकर लागतील. पुढे बॅकवॉशमध्ये, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना, पाणी जाते आणि पावसाचे येते, त्यानेही ते हळूहळू उतरेल. पाणी बदलून होईपर्यंत तलाव बंद ठेवावा, कारण पोहणाऱ्यांत बरीच लहान मुले आहेत. नंतर गोळ्यांऐवजी द्रवरूप हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) वापरावे, त्यात स्टॅबिलायझर नसतो. मात्र त्याने पीएच चढण्याकडे कल असतो, तेव्हा तो ७.२ ते ७.६ मध्ये राहील याकडे लक्ष द्यावे.

ए-७०२: क्लबहाऊसच्या आतल्या लहान तलावाचे काय?

सी-२०४: तिथे ऊन पोहोचत नाही, त्यामुळे स्टॅबिलायझरचा काहीच उपयोग नाही, तिथेही हायपोच वापरावे.

सचिव: ठीक आहे. उरलेल्या गोळ्या पंपरूममध्ये ब्लिचिंग पावडरच्या पोत्यांशेजारी ठेवल्या आहेत, त्या तिथेच राहू द्याव्यात का?

सी-२०४: साहेब, त्या आजच हलवाव्यात. ही दोन रसायने एकत्र आली आणि त्यात ओल लागली तर आग किंवा स्फोट होऊ शकतो, आणि विषारी वायूही सुटतो. दोन्हींसाठी वेगळी कोरडी जागा आणि वेगळे डाव ठेवण्याची सूचना मी आत्ताच खाली जाऊन देतो.