खान्देशच्या कापसावर असाइनमेंट आहे, संदर्भ कुठून काढू?

तापीकाठ:
एमए इतिहास, पहिलं वर्ष, धुळ्याला. विषय मिळालाय ब्रिटिश काळातला खान्देशचा कापूस. पाच तरी संदर्भ पाहिजेत, गाईड आणि विकिपीडिया चालणार नाही म्हणे. लायब्ररीत दोन-चार पुस्तकं सापडली, त्यात कापसावर जेमतेम एक पान. नेटवर जळगाव कापूस टाकलं की नुसते आजचे भाव येतात. सुरुवात कुठून करू?

बोरीकाठचा:
भो, आधी १८८० चं खान्देश गॅझेटियर (जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ) काढ, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १२ वा खंड, नेटवर फुकट मिळतो. इंग्रजी आहे पण घाबरू नको, शेती आणि व्यापार एवढीच प्रकरणं वाच. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि इकडच्या कापसाला भाव चढला, हे डोक्यात ठेवून वाचलंस की त्यातल्या आकड्यांचा अर्थ लागतो. फक्त ते सरकारने लिहिलेलं आहे, शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल जे म्हटलंय ते सरकारी नजरेतून, हे असाइनमेंटमध्ये स्पष्ट लिही.

केळीबाग:
तुझा शोध जळगाव शब्दामुळे अडतोय. तेव्हा जळगाव जिल्हा नव्हताच ना! १९०६ पर्यंत एकच खान्देश, मग पूर्व खान्देश म्हणजे साधारण आजचा जळगाव आणि पश्चिम खान्देश म्हणजे धुळे-नंदुरबार, त्यातला नंदुरबार तर १९९८ ला वेगळा झाला. ज्या काळाचं शोधतोय त्या काळाचं नाव टाक. काही जुन्या इंग्रजी कागदात खान्देशचं स्पेलिंग सी पासून सुरू होतं (Candeish), तेही टाकून बघ, बरंच काही निघतं.

आणि शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवर खान्देशच्या शेतीवरचे पीएचडी प्रबंध बघ. प्रबंध उचलून छापायचा नाही हं, त्याच्या शेवटची संदर्भसूची वाचायची, कुणीतरी कित्येक वर्षं घालून केलेलं काम असतं ते. मग ती यादी घेऊन ग्रंथपालांकडे जा. नुसतं कापसावर काही आहे का विचारण्यापेक्षा पुस्तकाचं नाव सांगितलं तर ते लगेच शोधून देतात. कॉलेजला एन-लिस्ट (ऑनलाइन पुस्तकं आणि जर्नल्स देणारी सेवा) असेल तर त्याचा लॉगिनही तिथेच माग.

तापीकाठ:
ताई, खूप मदत झाली. धुळ्यातच अजून काही मिळेल का?

बोरीकाठचा:
अरे, राजवाडे संशोधन मंडळ ही इतिहास संशोधनाची संस्था आहे ना गावात, १९२७ पासूनचं! जाताना आयकार्ड आणि विभागप्रमुखांचं पत्र सोबत असू दे. आणि कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी लेखक, वर्ष, प्रकाशक, पान नंबर वहीत उतरव, नाहीतर सबमिशनच्या आदल्या रात्री पान शोधत बसशील.