विंडोज १० बंद झालं म्हणून चालता कॉम्प्युटर भंगारात का?

तापीकाठ, जळगाव
परवा गोलाणी मार्केटमध्ये एका दुकानाबाहेर जुन्या सीपीयूंची थप्पी दिसली. नऊ-दहा असतील, चौथ्या ते सातव्या पिढीच्या आय-थ्री, आय-फाइव्ह प्रोसेसरचे. दुकानदार म्हणाला, "भाऊ, विंडोज दहा बंद झालं, लोक बदलून घेऊन राहिले." सगळे किलोच्या भावाने जाणार. मला राहवलं नाही म्हणून लिहितोय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्याने मशीन बंद पडत नाही, सुरक्षेचे अपडेट यायचे थांबतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्याआधीची मशिनं इथेच अडतात, मग ती कितीही चांगली चालत असोत.

अमळनेरला एका अभ्यासिकेत चौथ्या पिढीचा आय-थ्री होता. सुरू व्हायला पाच-सहा मिनिटं. शेजारीच जिनिंग. कॅबिनेट उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर सरकीच्या तुसाची राखाडी गादी बसलेली, उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीट सिंकच्या फटींतून उजेड दिसेना. प्रोसेसरवरची पेस्ट सुकून खडूसारखी भुरभुरत होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यात हा बिचारा कसा धावणार? ब्लोअर मारला, नवी पेस्ट लावली, हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी, रॅम चारची आठ, आणि वर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पोरं त्यावर स्पर्धा परीक्षेच्या पीडीएफ वाचतात, अर्ज भरतात. ब्राउझर, पत्रं आणि पीडीएफ एवढंच काम असेल तर नवं मशीन घ्यायला लावणं हा अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे.

खतावणी, चोपडा
अभ्यासिकेचं पटलं. पण मी केळीच्या व्यापाऱ्यांचे हिशेब बघतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली लिनक्ससाठी येत नाही. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या 'वाइन' नावाच्या सॉफ्टवेअरमधून चालवता येते म्हणतात, पण २० तारखेला जीएसटीची ३बी भरायची असताना ती अडकली तर मी कोणाला फोन लावू? डिजिटल सहीच्या टोकनचं ड्रायव्हर, सही करायचं सॉफ्टवेअर, बिलाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, सगळं विंडोजवर बसवलेलं आहे.

आणि अपडेटशिवाय चालवायचं म्हणाल तर २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस आठवा. मे महिन्यात जगभर फायली कुलूपबंद झाल्या आणि विंडोजमधल्या त्या भोकाचं पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ते टाकलं नाही ते अडकले. इथे तर पॅचच येणार नाही. मी नवं मशीन घेतलं, आणि मला त्याचा पस्तावा नाही. माझ्याकडे दुसऱ्यांची खाती असतात.

जंक्शन, भुसावळ
एवढा वाद कशाला? रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह बनवा, टीपीएमची अट वगळा, विंडोज ११ टाका. मी सहाव्या पिढीवर चालवतोय, झक्कास चालतं.

तापीकाठ, जळगाव
@जंक्शन, स्वतःच्या मशीनवर करा, दुसऱ्याला करून देऊ नका. अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यावर ती फार जुन्या प्रोसेसरवर सुरूच होईना, कारण तिला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट नावाची आज्ञा लागते. उद्या अजून काही काढलं तर गिऱ्हाईक तुमच्या दारात उभं राहील.

कंपोझिटर, धुळे
माझं दुखणं वेगळंच आहे. माझ्याकडे वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. पेजमेकर ७ आला २००१ साली, त्यानंतर त्याची नवी आवृत्तीच आली नाही. अक्षरं सगळी कृतिदेव फॉन्टमध्ये. कृतिदेव युनिकोड नाही, आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त दिसायला मराठी. फॉन्ट नसला की "श्री गणेशाय नमः" च्या जागी नुसती कंसं आणि इंग्रजी अक्षरं. लिनक्समध्ये फॉन्ट टाकता येईल, पण पेजमेकरची फाइल जशीच्या तशी उघडणार कशात? मी हे मशीन बदलणार नाही आणि त्यात दुसरं काही टाकणारही नाही. नेटची वायर काढून ठेवली, बस. पाहुण्यांची पत्रिका आली की जुनी फाइल उघडून नावं बदलतो, वीस मिनिटांत काम.

मास्तर, शहादा
शाळेपुरतं मी तापीकाठच्या बाजूने. केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षं लिनक्स आहे, तिथली 'काइट' संस्था शाळांसाठी वेगळी आवृत्ती तयार करते, शिक्षकांना प्रशिक्षण देते. आपल्याकडे एक मशीन बिघडलं की पोरांचा तास वर्षभर बुडतो. आमच्या लॅबमध्ये चार पोरं एका माऊसवर असतात. जुन्या सहा मशिनांवर मिंट टाकलं तर दोघांना एक येईल. मला तेवढंच दिसतं.

खतावणी, चोपडा
मास्तर, पोरगं उद्या नोकरीला गेलं की एक्सेलच विचारणार ना? लिनक्सवरचं लिबरऑफिस शिकलेल्याला पहिल्या दिवशी घाम फुटतो. माझ्याकडे एक आला होता, बटणं सापडेनात म्हणून गोंधळला.

मास्तर, शहादा
गोंधळला आणि आठवड्यात शिकला असेल. मशीनच न पाहिलेला पोरगा तुमच्या दारापर्यंत तरी येतो का?

खतावणी, चोपडा
आठवड्यात नाही, तीन दिवसांत शिकला. हे कबूल.

तापीकाठ, जळगाव
खतावणीभाऊ, तुमच्या कामाला लिनक्स टाका असं मी म्हणणारच नाही. कंपोझिटरभाऊंची नेटची वायर काढायची युक्ती योग्य आहे, फक्त पेन ड्राइव्ह जपून लावा. घरच्या विंडोज १० मशीनला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळू शकतात, मायक्रोसॉफ्ट खात्याला सेटिंग जोडली तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. धंद्याच्या मशीनला पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, ते मात्र परवडणार नाही. पण तुमचं जुनं मशीन भंगारात देऊ नका. मास्तरांना द्या, मिंट टाकून मी देतो.

खतावणी, चोपडा
देतो, आनंदाने देतो. डिस्क मात्र काढून ठेवणार. त्यात दोनशे लोकांचे आधार, पॅन, बँकेचे चेक स्कॅन केलेले आहेत. नुसतं क्विक फॉरमॅट केल्याने ते जात नाही, साध्या सॉफ्टवेअरने परत निघतं. गोलाणीतल्या त्या थप्पीतल्या डिस्क पुसलेल्या होत्या का, तापीकाठ?

तापीकाठ, जळगाव
विचारलंच नाही मी. सकाळी दुकान उघडायच्या आत जाऊन उभा राहतो.