सहावी-आठवीच्या मुलांना घरीच शिकवायचं तर को-ऑपचा कितपत उपयोग? (कॅरी, नॉर्थ कॅरोलायना)

कॅरीची_पाहुणी:
नमस्कार मंडळी. लेक आत्ता सातवीत आहे, धाकटा ऑगस्टपासून सहावीत. लेकीचं शाळेत काय बिनसलंय ते इथे लिहीत नाही, पण रोज सकाळी पोटात दुखतं म्हणते. दोघांनाही घरी शिकवावं असं ठरतंय. गणित-विज्ञान मी घेईन. इंग्रजी लेखन आणि बरोबरीची मुलं कुठून आणू? शेजारीण म्हणाली, को-ऑप बघ, म्हणजे घरी शिकवणारी कुटुंबं एकत्र येऊन आपसांत मुलांचे वर्ग घेतात ते.

दोन ठिकाणी चौकशी केली. एकीकडून आधी श्रद्धेच्या निवेदनावर सही मागितली, ख्रिस्ती धर्माची मूलतत्त्वं मान्य आहेत म्हणून. दुसरीकडे विचारलं, "तुम्ही काय शिकवाल?" मी म्हटलं, अहो, मला मुलांना घालायचंय! (हसू नका.) त्यात सासूबाईंचा रोज फोन, "शाळेतून नाव काढलंत की काय?" कागदपत्रं काय लागतात? आणि उद्या भारतात परतलो तर?

भरली_वांगी:
मी तुमच्या शेजारीच, मॉरिसव्हिलला. मुलगा सहावी ते आठवी घरी शिकला, आता नववीला पब्लिक, म्हणजे इथल्या सरकारी शाळेत जातो.

कागदांचं सोपं आहे. राज्याच्या नॉन-पब्लिक एज्युकेशन विभागाकडे 'नोटीस ऑफ इंटेंट', म्हणजे घरी शिकवणार असल्याची सूचना, ऑनलाइन भरायची. त्यात घरच्या शाळेला नाव द्यावं लागतं. आमचे बापलेक त्यावरून दोन दिवस भांडले, शेवटी 'अजिंक्यतारा' ठरलं. मे-जूनमध्ये नोटीस घेत नाहीत, तेव्हा बेताने बघा. त्यांचं उत्तर हातात आल्याशिवाय शाळेतून नाव काढू नका. नंतर वर्षातले किमान नऊ महिने शाळा चालवायची, हजेरी आणि लसीकरणाची नोंद ठेवायची, वर्षातून एकदा प्रमाणित परीक्षा घ्यायची. व्याकरण, वाचन, स्पेलिंग, गणित, बस. निकाल वर्षभर फाइलला लावून ठेवा. शिकवणाऱ्याचं हायस्कूल झालेलं हवं, म्हणजे तुमची बारावी पुरे.

आणि को-ऑप म्हणजे शाळा नव्हे. इथल्या कायद्यात होमस्कूल म्हणजे फार तर दोन कुटुंबांची मुलं. २०१३पर्यंत तर मुख्य विषय आईबापांनीच शिकवायला हवेत असा अर्थ लावायचे. आता बाहेरून शिकवून घेता येतं, पण जबाबदारी तुमचीच. आठवड्यातला एक दिवस को-ऑपचा, बाकीचे चार तुमचे.

सहीचं म्हणाल तर मी केली नाही. 'सेक्युलर' किंवा 'इन्क्लूझिव्ह' असा शब्द घालून शोधा, सापडतात. आमचंही चर्चच्या तळघरातच भरायचं, कारण मधल्या वारी खोल्या रिकाम्या आणि भाडं कमी. त्याचं काही वाटून घेऊ नका.

"काय शिकवाल" हे मात्र सगळ्यांनाच विचारतात. आपल्याकडची भिशी असते ना, तसंच. पैशांऐवजी वेळ घालायचा. पहिल्या सत्रात मला तान्ह्यांच्या खोलीत बसवलं. दीड-दीड वर्षाची पाच पोरं आणि मी! दुसऱ्या सत्रात स्वयंपाकघरातलं रसायनशास्त्र घेतलं. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं की तो लालभडक होतो. आपलं कुंकू असंच हळदीत चुना घालून करायचे म्हटल्यावर पोरं चाटच पडली.

लेखन को-ऑपला द्याच. माझ्या मुलाला मी "हे वाक्य नीट कर" म्हटलं की दार आपटायचा. तिथल्या बाईंनी तोच परिच्छेद तीनदा परत केला, याने तीनदा गुपचूप लिहिला. या वयात आईपेक्षा परकी बाई बरी. विज्ञानही थोडं तिथेच होऊ द्या. एकदा घुबडाने ओकलेले गोळे दिले होते, राखाडी, अंगठ्याएवढे. आमचं पक्कं शाकाहारी पोर आधी खुर्ची मागे घेऊन बसलं. मग चिमट्याने केस सोडवत सोडवत एक उंदरासारखी कवटी निघाली, पुढचे दात नारिंगी. काळ्या कागदावर एकेक हाड मांडून झाल्यावर ती कवटी त्याने वेलदोड्याच्या डबीत घालून घरी आणली. डबी गेलीच.

गणित मात्र कधीच त्यांच्यावर टाकू नका. आमच्या गणिताच्या बाई जानेवारीत नवऱ्याच्या बदलीमुळे गेल्या आणि वर्ग बंद पडला. कोणाला काय बोलणार? त्या थोडाच पगार घेत होत्या?

सिंहगड_रोड:
परतायचं म्हणाल तर घाबरू नका. शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुसार वर्गात बसवायची तरतूद आहे. खासगी शाळा काय विचारतील ते त्या त्या शाळेवर. शाळा नकोच असेल तर एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावी १४ पूर्ण झाल्यावर देता येते. पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा. राज्य मंडळाच्या, बाहेरून परीक्षेला बसायच्या १७ नंबर फॉर्मलाही १४ पूर्ण लागतात, पण तिथे शाळेचा दाखला मागतात. तेव्हा आत्ताच्या शाळेतून निघताना सगळे कागद, गुणपत्रकासकट, मागून घ्या.

काका_अटलांटा:
आठवड्यातून एकदा चार तास भेटून कसली आलीय मैत्री? माझी पुतणी वर्षभरात कंटाळली. त्यात बरोबरीची मुलगी एकच, बाकी सगळी आठ-नऊ वर्षांची. मुलीला विचारलंय का कोणी?

भरली_वांगी:
काका, पटलं. बारा-तेराची मुलं किती आहेत ते प्रवेशाआधी मोजूनच घ्यावं. आमच्याकडे सात होती. खरी मैत्री तळघरात झालीच नाही. वर्ग सुटल्यावर डबे घेऊन 'लेक क्रॅबट्री' तलावावर जायचो, नाहीतर रॅलेच्या नॅचरल सायन्सेस म्युझियममध्ये, तिथे प्रवेश फुकट. तिथे झाली.

कॅरीची_पाहुणी:
लेकीला विचारलं. ती म्हणाली, "आधी बघून येऊ, मग सांगते." एक सेक्युलर को-ऑप सापडलंय, पुढच्या मंगळवारी दोघांना घेऊन जातेय. तिथेही विचारलंच, काय शिकवाल. मी म्हटलं शिवण, हातशिलाई आणि मशीन दोन्ही. लगेच उलटा प्रश्न, मशिनं किती आणाल? एक माझं आहे. तुमच्याकडे पडून आहे का हो एखादं?