कृष्णेला ऱ्हाइनसारखा आयोग का नको?

प्रेषक: कार्यक्रम समिती, झुरिक

नमस्कार मंडळी,
पूरग्रस्तांसाठी जमलेला निधी पोचला. आता महाराष्ट्राच्या जलसंपदा खात्याला आपल्या स्वित्झर्लंडमधल्या मराठी मंडळातर्फे पत्र पाठवायचं आहे. मसुद्यात "कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची उंची वाढवू देऊ नये" एवढी एकच मागणी ठेवली आहे. आणखी काही सुचवायचं असेल तर रविवारपर्यंत कळवा. सांगली-कोल्हापूरकरांनी जरूर लिहावं.

प्रेषक: बाझेलचा सांगलीकर

ताई, नमस्कार.
उंची वाढवायला माझाही विरोध आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ असताना. आमचं घर त्या पाण्यात होतं. तरीही पत्र एवढ्यावर थांबू नये असं मला मनापासून वाटतं. दर पावसाळ्यात सांगली म्हणते, पूर येतो तो अलमट्टीच्या फुगवट्यामुळे, म्हणजे धरणात तुंबून मागे चढणाऱ्या पाण्यामुळे. कर्नाटक म्हणतं, तुम्हीच वरून एकदम पाणी सोडलंत. पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीने २०२० मध्ये फुगवट्याला दोष दिला नाही, आणि सांगलीतल्या कित्येक जाणकारांना ते आजही पटलेलं नाही. दोन्ही राज्यांनी मिळून पाणी मोजलं असतं तर हा वाद इतका चिघळला नसता.

आपण ८ नंबरच्या ट्रामने हद्द ओलांडून वाइल आम ऱ्हाइनला खरेदीला जातो ना, त्याच गावात नदीकाठी पाणी तपासण्याचं एक केंद्र आहे. जमीन जर्मनीची, चालवतं बाझेलचं पर्यावरण खातं, खर्च स्वित्झर्लंड आणि जर्मनीचं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य मिळून करतात. नदीच्या रुंदीत ठिकठिकाणी बसवलेल्या पाइपांतून पाणी आत येतं आणि रोज तपासलं जातं. काही वावगं आढळलं की पार नेदरलँड्सपर्यंत इशारा जातो, कारण तिथले लोक याच नदीचं पाणी पितात. १९९३ पासून हे चालू आहे.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. १ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे बाझेलजवळ श्वाइत्सरहालेला सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली. विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकांसकट ऱ्हाइनमध्ये गेलं, नदी लाल झाली, लाखाहून जास्त ईल मासे मेले आणि खालच्या देशांना वेळेवर नीट कळवलंही गेलं नाही. ऱ्हाइनच्या खोऱ्यातल्या पाच देशांचा आयोग १९५० पासून होता, म्हणजे आयोग असून हे घडलं! पण पाचही देशांचे मंत्री बसतील अशी जागा तयार होती, म्हणून १९८७ मध्येच कृती कार्यक्रम मंजूर झाला. पुढे १९९३ आणि १९९५ चे पूर आले, नेदरलँड्समध्ये दोन लाखांवर माणसं हलवावी लागली, तेव्हा १९९८ मध्ये याच आयोगाने पुराचा आराखडा केला.

आयोगाचं कार्यालय जर्मनीत कोब्लेंझला आहे, पण त्या कार्यालयाचा प्रमुख प्रघाताने डच असतो. वरच्यांनी केलेलं शेवटी त्याच्याच दारात येतं, म्हणून. कृष्णेच्या बाबतीत तो मान आंध्रच्या माणसाला द्यावा लागेल. द्यावा.

प्रेषक: जिनिव्हा

काका, एक शंका. इथे स्वतंत्र देश आहेत. आपल्याकडे केंद्र आहे, लवाद आहेत. बच्छावत लवादाने १९७६ मध्ये पाणीवाटप केलं, ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये अलमट्टीत ५२४.२५६ मीटर पातळीपर्यंत पाणी साठवायची मुभा दिली. मग वेगळा आयोग कशाला? आणि ऱ्हाइन आयोगाचे निर्णय कायद्याने बांधील तरी आहेत का?

प्रेषक: बाझेलचा सांगलीकर

नाहीत बाळा. निर्णय एकमताने होतात आणि ते शिफारशीच असतात. पण आपण काय केलं हे प्रत्येकाला बाकीच्यांसमोर सांगावं लागतं, आणि त्याची लाज बाळगली जाते.

लवाद वाटणी करतो आणि उठून जातो. पुराच्या रात्री कुणाच्या वाट्याला किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी याला काय अर्थ? त्या रात्री कोयनेतून किती सुटलं, हद्दीजवळच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती गेलं, कर्नाटकातल्या हिप्परगी बंधाऱ्यात आणि अलमट्टीत पातळी किती, हे एका खोलीत दिसायला हवं. जून २०२१ मध्ये आपले तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळूरला जाऊन कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले, ती चांगलीच गोष्ट झाली. पण मंत्र्यांच्या भेटीगाठींवर लोकांचे जीव किती दिवस टांगून ठेवायचे?

आणि कायदा नाही असंही नाही. संसदेने १९५६ मध्ये नदी मंडळ कायदा केला. त्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेलं नाही. २०१४ चं कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ फक्त आंध्र आणि तेलंगणासाठी आहे. जिथे कृष्णा उगम पावते ते राज्यच त्यात नाही. माझी मागणी हीच: महाराष्ट्र आणि कर्नाटकाचा कायमस्वरूपी संयुक्त कक्ष, दोन्हीकडचे अभियंते बारा महिने एकत्र, खर्च निम्मा निम्मा, आकडे मराठीत आणि कन्नडमध्ये सर्वांसाठी खुले.

प्रेषक: कार्यक्रम समिती, झुरिक

काका, तुमची मागणी पहिली घेतली, उंचीची दुसरी. १९५६ च्या कायद्याचा उल्लेखही घातला. पत्र दोन्ही राज्यांच्या खात्यांना जाईल. बेळगावच्या वहिनी, शनिवारपर्यंत कन्नड प्रत करून द्याल का?