गुरिल्ला ४५० : इंजिन भारी, दिसायलेही भारी, पण आपल्या भागात जमन का?

पऱ्हाटीवाला_यवतमाळ
राजेहो, यवतमाळले रॉयल एनफिल्डची गुरिल्ला ४५० ही बाइक जवळून पाह्यली अन डोक्यातून जाऊनच नाही रायली. गोल एलईडी लाइट, ठसठशीत टाकी, मागचा टायर १६० चा, अन वेगळा टेललाइटच नाही, इंडिकेटरमध्येच लाल लाइट देल्ला. फोटोत मले ते अर्धवट वाटे, पण समोर पाह्यलं तं मागची बाजू लय सफाईदार दिसते. इंजिन एनफिल्डच्याच हिमालयन ४५० चं, ४५२ सीसी, ४० पीएस ताकद, सहा गिअर. घरी दादाची एनफिल्डचीच क्लासिक ३५० आहे, त्या डुगडुगीची सवय असलेल्याले हे इंजिन पटन का? अन आपल्या उन्हाळ्यात कसं वागते?

घाटवाला_परतवाडा
भाऊ, माह्याकडं हिमालयन ४५० आहे, इंजिन तेच. पयले क्लासिक डोक्यातून काढ. क्लासिकचा बोर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७२ मिमी अन स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा प्रवास, ८५.८ मिमी, प्रवास लांब, म्हणून ते खालूनच ओढते, ओढायचा सारा जोर (टॉर्क), २७ एनएम, ४००० आरपीएमवरच (मिनिटाले इंजिनाचे फेरे) भेटते. इथं बोर ८४, स्ट्रोक ८१.५, सारं उलटं, पुरे ४० एनएम यायले ५५०० लागते. वरच्या गिअरात हळूहळू रेंगाळत नेशीन तं धक्के देईन अन तू नाराज होशीन. पण चिखलदऱ्याच्या घाटात वळण संपता संपता तिसऱ्या गिअरात ४ हजाराच्या वर ठेव अन मूठ पिळ, मंग पाह्य कशी सुटते ते, अंगावर काटा येते बावा. डुगडुग नाही, आवाज घशातून येते अन वर चढत जाते. माह्या मते एनफिल्डनं आजवर काढलेलं सगळ्यात चांगलं सिंगल सिलिंडर हेच.

कोळसापट्टा_वणी
उन्हाचं मी सांगतो. आमच्याकडं मे मध्ये पारा ४५ च्या वर जाते, तिथं या इंजिनासारखं लिक्विड कूलिंगच (पाण्यासारख्या द्रवानं, म्हणजे कूलंटनं, इंजिन थंड ठेवणं) पायजे, तापलं तरी इंजिन ताकद सोडत नाही. रेल्वे फाटकावर थांबलं अन रेडिएटरचा (कूलंट थंड करणाऱ्या जाळीचा) पंखा सुरू झाला की गरम हवा मांड्यायले लागते, तेवढं सोसा लागते. पण दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेव, कूलंट कमी झालं म्हणून बोअरवेलचं पाणी टाकू नको, आपलं पाणी क्षाराचं, आत खार बसते अन रेडिएटर चोंदते. अन दिवाळीनंतर कापसाच्या जिनिंगसमोरून रोज जात असशीन तं रेडिएटरच्या जाळीत रुईचे तंतू अन धूळ मिळून नमदा बसते, तो पाण्याच्या हलक्या धारेनं धू, वॉशिंगवाल्याले जोराचा फवारा मारू देऊ नको, पातळ पात्या वाकतात.

पांदण_मानोरा
दिसण्यात दहापैकी दहा, पण वावरात नेणार असशीन तं थांब. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासून उंची, १६९ मिमी, हिमालयनचा २३०, समोरचं चाक १७ इंची, हिमालयनचं २१, अन पावसाळ्यात आपली काळी माती टायरले अशी चिकटते की मडगार्डात ठासून चाकच फिरत नाही, मंग १८५ किलो ओढत बस. टाकीही ११ लिटरची, हिमालयनची १७. ही डांबरी रस्त्याची गाडी आहे, तिथं तिले तोड नाही.

पऱ्हाटीवाला_यवतमाळ
वावरात कायले नेतो भाऊ, त्याले स्प्लेंडर आहेच. मले यवतमाळ-वर्धा रस्ता अन सुट्टीत मेळघाट पायजे. एकच राह्यलं, आई एका बाजूनं बसते, तिले जमन का?

घाटवाला_परतवाडा
सीट ७८० मिमीच आहे, म्हणजे चढाले सोपी, पण मागची जागा आखूड. बुकिंगच्या आधी आईलेच शोरूममध्ये घेऊन जाय अन मागे बसवून चक्कर मार. अन ट्रायलले गर्दीच्या रस्त्यानं नको नेऊ, बायपासले घे, ५ हजाराच्या वर गेल्याबिगर हे इंजिन समजतच नाही.