भोळेपणा कोणत्या दबावाखाली मोडतो?

समाज भोळ्या नायकाला अखेर आपल्यासारखाच करून सोडतो, हे मत राज कपूरच्या ‘श्री ४२०’ (१९५५) या चित्रपटातल्या राजला लागू पडते, रशियन लेखक दस्तयेव्हस्कीच्या ‘इडियट’ या कादंबरीतल्या प्रिन्स मिश्किनला मात्र नाही, असे मला वाटते. राजला मुंबईत आल्याआल्याच प्रामाणिकपणाबद्दल मिळालेले पदक गहाण टाकावे लागते, म्हणजे त्याच्या सरळपणावरचा पहिला घाव पोटाचा आहे, आणि पुढची लबाडी तो इतरांकडे पाहून शिकतो. शिकलेले असल्यामुळेच त्याला ते टाकूनही देता येते. मिश्किनला उपासमार भेडसावत नाही, उलट त्याला वारसाहक्काने संपत्ती मिळते. पीटर्सबर्गचे लोक त्याला हसतात, पण मनातले सगळे त्याच्यापाशीच ओकतात, आणि नास्तास्या व अग्लाया या त्याच्या आयुष्यात आलेल्या दोघी स्त्रियांच्या दुःखाला एकाच वेळी होकार देताना तो कोणालाच वाचवू शकत नाही. (नास्तास्याच्या मृतदेहाशेजारी बसून तिच्याच खुन्याचे केस कुरवाळणारा मिश्किन मला आजही अस्वस्थ करतो.) त्याची बुद्धी ढासळते, परंतु स्वभाव तसूभरही बदलत नाही. म्हणून ‘समाज घडवतो’ हे विधान राजपुरते ठीक आहे. मिश्किनच्या बाबतीत समाज घडवू न शकलेल्या माणसाला फक्त वापरून संपवतो.